कागदावरचे रणगाडे

घरात एखादा छंद शिरला की तो एकट्याचा राहत नाही. भरतकाम असो, कबुतरे असोत की पोस्टाची तिकिटे, हळूहळू सगळे घर त्यात ओढले जाते. आमच्या घरात गेली चार वर्षे जो छंद मुक्कामाला आहे, तो ऐकणाऱ्याला जरा विचित्र वाटतो. आम्ही रणगाड्यांची छोटी मॉडेल्स जोडतो. तीही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनीच्या रणगाड्यांची, आणि त्यातही जे प्रत्यक्ष लढाईत कधी उतरलेच नाहीत अशांची. काहींचे नुसते आराखडे निघाले, काहींचा एखादा सांगाडा उभा राहिला आणि तेवढ्यात युद्ध संपले. मॉडेल जोडणाऱ्यांच्या दुनियेत त्यांना 'कागदी पँझर' म्हणतात. पँझर म्हणजे जर्मन भाषेत चिलखत, आणि त्यावरून रणगाडा.

आम्ही मूळचे नगरचे. नऊ वर्षांपासून जर्मनीत, फ्रँकफुर्ट शहरात राहतो. घरात आम्ही दोघे नवरा-बायको, चौदा वर्षांचा थोरला आणि नऊ वर्षांची धाकटी. वर्षातून एकदा दोन-तीन महिन्यांसाठी मुलांचे दादाजान नगरहून येतात. हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून यात 'मी' कुठे सापडणार नाही.

नातेवाईक फोनवर विचारतात, "अरे, हिटलरच्या रणगाड्यांचं तुमच्या घरात काय काम?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही बरेच काही शिकलो. मुलांच्या तरबियतीच्या दृष्टीने ते इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून लिहायला बसलो.

सुरुवात संगणकावरच्या खेळातून झाली. 'वर्ल्ड ऑफ टँक्स' नावाचा खेळ जगभरची मुले खेळतात. आपल्या वाचकांपैकीही काहींच्या घरी तो असेल. त्यात खरोखर लढलेले रणगाडे आहेत, तसेच माउस, ई-१००, लोवे असे कधी रणांगणात न आलेलेही आहेत. थोरल्याला नेमके हेच आवडले, कारण ते आकाराने सर्वांत मोठे. खेळाचे तास वाढले, डोळे लाल होऊ लागले. रोज कटकट करण्यापेक्षा आम्ही एक तोडगा काढला. ज्या रणगाड्याचे एवढे वेड आहे तो हाताने जोड, म्हटले. पडद्यावर एका बोटाने धावणारी वस्तू टेबलावर उभी करायला किती दिवस लागतात ते बघ.

दिवस बरेच लागतात. मॉडेलचे खोके उघडले की आत प्लास्टिकच्या चौकट्या निघतात. बारीक दांड्यांनी त्यांना शेकडो सुटे भाग चिकटलेले असतात. प्रत्येक भाग छोट्या कटरने अलगद कापायचा, दांडीची राहिलेली गाठ पॉलिश पेपरने घासायची, गोंद न लावता एकदा बसवून बघायचा आणि मगच चिकटवायचा. हा गोंद आपला नेहमीचा नव्हे. तो प्लास्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. त्याला उग्र वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी लागते. जानेवारीच्या थंडीत हे काम अंगात स्वेटर आणि डोक्याला टोपी घालूनच होते. सर्वांत चिवट काम चाकांवरच्या पट्ट्यांचे. कित्येक मॉडेल्समध्ये पट्टीची एकेक कडी सुटी असते. ती घासून, जोडून, चाकांवर अशी बसवावी लागते की पट्टी वरून जराशी सैल लोंबेल. खऱ्या लोखंडाचे वजन त्या लोंबण्यातून दिसते.

रंगकाम अम्मीच्या वाट्याला आले. वर्षानुवर्षे मेंदीचा कोन धरलेल्या हाताला बारीक ब्रश परका वाटत नाही. अब्बूंकडे आराखडे वाचणे आणि मापे काढणे आले. धाकटी चौकट्यांवरचे नंबर शोधून देते आणि जमिनीवर पडलेला तांदळाएवढा भागही तिलाच सापडतो.

बहुतेक मॉडेल्स १/३५ प्रमाणाची असतात. हे विचित्र माप कसे आले, याचा किस्सा मजेदार आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचे चालणारे मॉडेल काढले. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार ठेवला. नंतर हिशेब केला तर तो मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या भागाजवळ निघाला. लोकांना मॉडेल आवडले आणि तेच माप रूढ झाले. या प्रमाणात पावणेसहा फुटांचा माणूस ५ सेंटिमीटरचा होतो. आमच्या घरी मूर्ती किंवा माणसांच्या आकृत्या ठेवत नाहीत, म्हणून आम्ही सैनिक लावत नाही. आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी एखादी वस्तू ठेवतो. तिच्याविषयी पुढे येईलच.

आता या रणगाड्यांविषयी. आम्ही जोडलेला पहिला म्हणजे माउस. माउस म्हणजे उंदीर. १८८ टनांच्या यंत्राला हे नाव! त्याच काळातला प्रसिद्ध टायगर रणगाडा सुमारे ५७ टनांचा होता, म्हणजे एका माउसमध्ये तीन टायगर मावले असते. आराखडा फर्डिनांड पोर्शे यांचा, धड आणि बुरूज क्रुप कंपनीचे. तोफेसह लांबी १० मीटरच्या वर, मुख्य तोफ १२८ मिलिमीटरची. याचे दोनच नमुने तयार झाले आणि त्यांतल्या एकालाच बुरूज मिळाला. युद्धानंतर सोव्हिएत लोकांनी एकाचे धड आणि दुसऱ्याचा बुरूज जोडून जो एक पूर्ण केला, तो आजही मॉस्कोजवळ कुबिंका इथल्या संग्रहालयात आहे.

माउस जोडताना थोरल्याला पहिला धक्का बसला तो पुलांचा. एवढे वजन पेलणारा पूल रस्त्यांवर नव्हताच. मग नदी ओलांडायची कशी? उपाय असा ठरला होता की एक माउस पाण्याखालून नदीच्या तळावरून चालेल आणि काठावर उभा असलेला दुसरा माउस त्याला केबलने वीज पुरवेल. म्हणजे नदी ओलांडायला जोडी हवी. रेल्वेने न्यायचा तर त्यासाठी १४ आसांची खास वाघीण बनवावी लागली. धाकटी म्हणाली, "मग हा उंदीर घरीच बसलेला बरा." तिचे म्हणणे युद्धातल्या कित्येक अधिकाऱ्यांपेक्षा शहाणपणाचे होते.

उंदरानंतर आली घूस. जर्मनमध्ये रॅटे. १९४२ साली क्रुपमधल्या एडवर्ड ग्रोटे या इंजिनिअरने सुचवलेला हा १,००० टनांचा रणगाडा. लांबी ३५ मीटर, रुंदी १४, उंची ११. वर युद्धनौकेवरच्या २८० मिलिमीटरच्या दोन तोफा. हिटलरला कल्पना फार आवडली. १९४३च्या सुरुवातीला शस्त्रास्त्र मंत्री अल्बर्ट श्पेअर यांनी ती बंद केली. एक पत्रासुद्धा कापला गेला नाही. १/३५ प्रमाणात हे मॉडेल एक मीटर लांब झाले असते आणि आमच्या स्वयंपाकघरातले अर्धे टेबल खाल्ले असते. म्हणून आम्ही १/१४४ प्रमाणाचे घेतले. ते २४ सेंटिमीटरचे होते. शेजारी ठेवायला मुलांनी लाल कार्डशीटची एसटी बस कापली. त्या प्रमाणात अकरा मीटरची एसटी साडेसात सेंटिमीटरची भरते. तीन एसटी बस एकामागे एक लावल्या तरी घूस थोडी उरतेच. ही तुलना पाहून दादाजान पोट धरून हसले.

दादाजान नगरच्या एसटी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आयुष्य इंजिनांत गेले. त्यांनी मॉडेलचे रंगरूप पाहिलेच नाही. पहिला प्रश्न विचारला, "इंजिन किती घोड्यांचं?"

तेव्हा टेबलावर ई-१०० होता. थोरल्याने उत्साहाने सांगितले, "दादाजान, सातशे अश्वशक्तीचं. मायबाख कंपनीचं."

"आणि वजन?"

"एकशे चाळीस टन."

दादाजानांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे टनाला पाच घोडे. बेटा, ही गाडी माळशेज घाट चढणार नाही. अर्ध्यात गिअर पेटी हातात येईल."

मग कागद-पेन्सिल आली आणि सगळ्यांचे हिशेब सुरू झाले. रशियाचा टी-३४ रणगाडा, नंतरच्या ८५ मिलिमीटर तोफेचा, ३२ टन आणि ५०० अश्वशक्ती, म्हणजे टनाला पंधराहून अधिक. टायगर दोन सुमारे ७० टन आणि इंजिन तेच ७०० अश्वशक्तीचे, म्हणजे टनाला दहा. ई-१०० साठी याहून ताकदवान इंजिनाचा विचार होता, पण जो सांगाडा उभा राहिला तो याच इंजिनावर. शाळेत भागाकाराचा कंटाळा करणाऱ्या मुलाने त्या संध्याकाळी अकरा रणगाड्यांचे भागाकार केले.

दादाजानांनी त्या रात्री मुलांना अब्दुल हमीद यांची गोष्ट सांगितली. १९६५चे युद्ध, पंजाबातला खेमकरण भाग, समोर अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे, आणि आपल्या ग्रेनेडिअर्स पलटणीतला उत्तर प्रदेशच्या गाझीपूर जिल्ह्यातला हा हवालदार एका जीपवर बसवलेल्या तोफेने त्यांना टिपत होता. त्यातच तो शहीद झाला. परमवीर चक्र मिळाले. "रणगाडा मोठा होता, जीप लहान होती," दादाजान म्हणाले. "पण जीप वेळेवर पोहोचली होती. जे यंत्र पोहोचतच नाही त्याचा आकार घेऊन काय करायचं?"

आकडे हेच सांगतात. टायगर एक संपूर्ण युद्धात सुमारे १,३५० बनले. अमेरिकेने शर्मन रणगाडे जवळपास ४९,००० बनवले आणि सोव्हिएत कारखान्यांनी युद्ध संपेपर्यंत टी-३४ पन्नास हजारांहून अधिक. ज्या देशाला पोलाद, तेल, रबर, कुशल कामगार सगळेच अपुरे पडत होते, तो देश हजार टनी घुशीची चित्रे काढत होता. एका रॅटेच्या वजनात सतरा टायगर झाले असते. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, आपण लग्नातल्या जेवणावळींपुरती समजतो. ती लोखंडाचीही असते आणि बुद्धीचीही.

सगळेच आराखडे मूर्खपणाचे होते असे मात्र नाही. 'ई' मालिका, म्हणजे ई-५, ई-१०, ई-२५, ई-५०, ई-७५ आणि ई-१००, ही मुळात शहाणपणाची कल्पना होती. हाइनरिश एर्न्स्ट क्निपकांप या इंजिनिअरच्या पुढाकाराने ती निघाली. रणगाड्यांचे सतराशे साठ प्रकार बंद करून थोड्याच मापाच्या गाड्या ठरवायच्या, सुटे भाग शक्य तेवढे सारखे ठेवायचे, बनवायला सोपे आणि स्वस्त करायचे. ई-५० आणि ई-७५ यांच्यात तर फार थोडा फरक ठेवायचे ठरले होते. पण हे सुचले तेव्हा उशीर झाला होता. कारखान्यांवर बाँब पडत होते. ई-५० आणि ई-७५ कागदावरच राहिले.

इथेच या छंदाची गंमत आहे आणि धोकाही. खऱ्या रणगाड्याचे मॉडेल जोडताना शेकडो छायाचित्रे मिळतात. खिळा चुकला तर जाणकार बोट ठेवतो. ई-७५ चे छायाचित्रच नाही. मग मॉडेल बनवणारी कंपनी उरलेल्या कागदपत्रांवरून, त्या काळातल्या इतर गाड्यांच्या भागांवरून अंदाज करते, आणि आपण त्या अंदाजावर आपला अंदाज चढवतो. रंग कोणता? गडद पिवळा, त्यावर हिरवे-तपकिरी पट्टे. चिलखतावर चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून 'झिमेरिट' नावाचा खडबडीत लेप लावत असत, तो या मॉडेलवर करायचा का? नको, कारण सप्टेंबर १९४४ मध्ये तो बंद झाला. असे तर्क लढवायला मजा येते.

पण धोका असा की जे यंत्र बनलेच नाही ते कधी बिघडलेही नाही. त्याचे इंजिन कधी तापले नाही, ते चिखलात रुतले नाही, त्याला डिझेल-पेट्रोल कमी पडले नाही. पँथर रणगाडासुद्धा कागदावर सुंदर होता. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत तो पहिल्यांदा उतरला तेव्हा कितीतरी गाड्या शत्रूच्या गोळ्याने नव्हे, स्वतःच्याच बिघाडाने वाटेत उभ्या राहिल्या, काही इंजिनाला आग लागून जळाल्या. कागदी पँझरला अशी परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणून तो मुलांच्या मनात अजिंक्य राहतो. आणि यंत्र अजिंक्य वाटू लागले की ते बनवणारी राजवटही तशी वाटायला वेळ लागत नाही.

हा धोका आमच्या घरात गेल्या वर्षी ईदनंतर आला. ईदीच्या पैशांतून थोरल्याने ई-१०० चे १/३५ प्रमाणाचे मॉडेल आणले. चीनच्या ट्रम्पेटर कंपनीचे. त्याला त्याचा देखावा करायचा होता. मॉडेल जोडणाऱ्यांत अशा देखाव्यांची जुनी चाल आहे. '१९४६' असे साल धरायचे, म्हणजे युद्ध मे १९४५ मध्ये संपलेच नाही असे समजायचे, आणि हे न बनलेले रणगाडे मोडक्या शहरातून विजयी चालले आहेत असे दाखवायचे. थोरल्याने वहीत चित्रही काढले होते. पडकी घरे, बर्फ, मधून जाणारा ई-१००, आणि जळालेले दोन टी-३४.

आमच्या दोघांत यावर मतभेद झाला, तो लपवण्यासारखा नाही. एकाचे म्हणणे, हा कल्पनेचा खेळ आहे, मुलाला त्याच्या मनासारखे करू द्यावे, उगाच गंभीर करू नये. दुसरीचे म्हणणे, कल्पना काय करायची याचीही निवड असते, आणि ही निवड या देशात राहून, या शहरात राहून करायची नाही. नीयत साफ आहे एवढे पुरत नाही, आपण नेमके काय मनात आणतो आहोत तेही कळले पाहिजे. दोन आठवडे खोके कपाटावर तसेच पडून होते.

याच दिवसांत अब्बूंनी ई-१०० चा इतिहास काढला. बांधणीचे काम १९४३ मध्ये आडलर या कंपनीकडे गेले. पाडरबोर्न शहराजवळ हाउस्टेनबेक नावाच्या ठिकाणी एकच सांगाडा जोडायला घेतला. हाउस्टेनबेक हे एक गाव होते. लष्करी सरावासाठी १९३९ मध्ये ते रिकामे करण्यात आले. १९४४ मध्ये अतिजड रणगाडे थांबवण्याचा हुकूम निघाला, तरी मोजके कामगार तिथे काम ओढत राहिले. १९४५ मध्ये मित्रराष्ट्रांच्या सैन्याला तो सांगाडा सापडला. बुरूज नाही, काम अर्धवट. ब्रिटिशांनी तो तपासायला मायदेशी नेला आणि पुढे भंगारात काढला. बस, ई-१०० ची सगळी कहाणी एवढीच.

पण आडलर हे नाव आम्हाला परके नव्हते. आडलर म्हणजे गरुड. ही फ्रँकफुर्टची कंपनी. एकोणिसाव्या शतकात सायकलींपासून सुरुवात, मग टाइपरायटर, मग मोटारी. तिच्या कारखान्याची जुनी लाल विटांची इमारत गालुस भागात आहे, म्हणजे आमच्याच वस्तीत. तिथे आता कचेऱ्या आहेत, एक नाट्यगृह आहे. तिच्यावरून आम्ही आठवड्यातून चार वेळा जातो. आणि तिच्याजवळ २०२२ मध्ये उघडलेले एक छोटे स्मृतिस्थळ आहे.

एका शनिवारी आम्ही चौघे तिथे गेलो. ऑगस्ट १९४४ पासून मार्च १९४५ पर्यंत या कारखान्याच्याच इमारतीत छळछावणी होती. 'काट्झबाख' हे तिचे सांकेतिक नाव. सुमारे १,६०० कैदी इथे आणले गेले. बहुसंख्य पोलंडचे, त्यांतले अनेक वॉर्साच्या उठावानंतर पकडलेले. त्यांच्याकडून चिलखती गाड्यांचे सांगाडे बनवून घेतले जात. भूक, थंडी, मारहाण, आजार. पाचशेहून अधिक कैदी शहराच्या मुख्य दफनभूमीत पुरले आहेत. आजारी म्हणून दुसऱ्या छावण्यांत पाठवलेले आणि तिथे मेलेले वेगळे. मार्च १९४५ च्या अखेरीस, अमेरिकन सैन्य शहरात येण्याच्या काही दिवस आधी, उरलेल्या कैद्यांना बुखेनवाल्ड छावणीच्या दिशेने पायी हाकलण्यात आले. वाटेत जे चालू शकले नाहीत त्यांना गोळ्या घातल्या.

ई-१०० या कैद्यांनी बांधला असे आम्ही म्हणत नाही. तो सांगाडा दुसरीकडे होता. पण कंपनी तीच, काळ तोच. आणि हे एका आडलरपुरते नव्हते. युद्धाच्या काळात जर्मनीत सक्तीने राबवलेले परदेशी मजूर, युद्धकैदी आणि छावण्यांतले कैदी मिळून एक कोटी तीस लाखांहून अधिक होते. माउसचे धड बनवणाऱ्या क्रुपचे मालक आल्फ्रीड क्रुप यांना न्यूरेंबर्ग इथे १९४८ मध्ये गुलाम मजुरी आणि लुटीबद्दल बारा वर्षांची शिक्षा झाली, १९५१ मध्ये सुटकाही झाली. घूस बंद करणारे श्पेअर यांना वीस वर्षे. घूस बंद करणे हा शहाणपणा होता, पण तेच मंत्री सक्तीच्या मजुरीवर कारखाने चालवत होते.

घरी येताना आम्ही थोरल्याला उपदेश केला नाही. एकच प्रश्न विचारला. "तुझ्या देखाव्यात १९४६ साल आहे आणि हा रणगाडा लढतोय. मग तो बांधला कुणी?"

तो काही बोलला नाही. चार-पाच दिवसांनी जेवताना म्हणाला, "अब्बू, युद्ध १९४६ पर्यंत चाललं असतं तर त्या इमारतीतले लोक अजून एक वर्ष तिथेच राहिले असते ना?" धाकटी म्हणाली, "राहिले नसते. मेले असते." ताटावर सगळे गप्प झाले. कल्पनेचा खेळ म्हणून सुरू झालेल्या गोष्टीचा हिशेब मुलांनीच पूर्ण केला होता.

मग ई-१०० जोडला, पण जसा सापडला तसा. बुरुजाविना, लाकडी ठोकळ्यांच्या आणि अवजारांच्या पसाऱ्यात. पिवळा-हिरवा रंग नाहीच. लोखंडाला गंज धरू नये म्हणून कारखान्यात जो तांबडा थर देत, तेवढाच दिला. तो अगदी आपल्या गेरूसारखा दिसतो. एकाच रंगाचे काम सोपे वाटते, पण सर्वांत अवघड तेच. सपाट तांबडा रंग खेळण्यासारखा दिसतो. अम्मीने त्यावर पातळ तपकिरी रंगाचे हात फिरवले, कडा कोरड्या ब्रशने उजळल्या, जोडांच्या जागी गंजाचे ओघळ काढले, तेव्हा कुठे तो उघड्यावर पडलेल्या लोखंडासारखा झाला. या एका रंगाला अकरा संध्याकाळी लागल्या.

आणि आकार कळावा म्हणून शेजारी १/३५ ची एक सायकल टेकवली. कल्पना धाकटीची. ही कंपनी आधी सायकली करायची ना, मग सायकलच ठेवा. ती पाच सेंटिमीटरची सायकल पाहुण्यांच्या नजरेत आधी भरते, मग मागचा डोंगर दिसतो.

थोरला यावर पूर्ण खूश आहे असे सांगितले तर ते खरे होणार नाही. बुरूजही त्याने जोडून, तिन्ही रंग देऊन ठेवला आहे. तो बुटांच्या खोक्यात असतो. मित्र आले की तो काढून सांगाड्यावर बसवून दाखवतो आणि ते गेले की पुन्हा खोक्यात ठेवतो. आम्ही त्याला अडवत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला मोठ्या तोफेचे आकर्षण असणारच. मात्र मित्रांना तो सायकलीची गोष्टही सांगतो, हे आम्ही दाराआडून ऐकले आहे.

या देशाने स्वतःसाठी काय नियम केला आहे तेही सांगण्यासारखे आहे. नाझी पक्षाचे चिन्ह इथे लोकांत मिरवायला कायद्याने बंदी आहे. इतिहास, शिक्षण, कला यांसाठी सूट आहे. म्हणून इथे विकल्या जाणाऱ्या मॉडेल्सच्या खोक्यांवर आणि चिकटवायच्या चित्रांत ते चिन्ह सहसा खोडलेले असते किंवा तुकड्यांत दिलेले असते. सैन्याचा काळा-पांढरा क्रॉस चालतो. छंदाला बंदी नाही, पण छंदाच्या आडून गौरव नको, अशी ही रेघ आहे. उत्तरेकडे मुन्स्टर गावात रणगाड्यांचे मोठे संग्रहालय आहे. तिथेही यंत्रांच्या शेजारी ती कुणावर चालली हे लिहिलेले आम्ही पाहिले.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी मुले युद्धाचे खेळ खेळत असतील. सगळे बंद करून टाका असे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि त्याने काही होतही नाही. आमच्या घरी एवढेच ठरले आहे की कोणतेही यंत्र जोडायला घेतले की तीन प्रश्न विचारायचे. हे कुणी बांधले, किंवा बांधायला लावले? ते खरोखर चालले असते का? आणि चालले असते तर कुणावर? पहिल्या प्रश्नाला इतिहास लागतो, दुसऱ्याला गणित, तिसऱ्याला माणुसकी. आई-बापांना रणगाड्यांतले काही कळत नसले तरी चालते. प्रश्न विचारता आले म्हणजे झाले.

दादाजानांना जर्मन वाचता येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी मुलांनी प्रत्येक मॉडेलपुढे मराठीत एक कार्ड ठेवायला सुरुवात केली आहे. इथे जन्मलेली धाकटी त्यासाठी जोडाक्षरे घोटते आहे. 'पाडरबोर्न'मधला रफार तिने तीनदा खोडला. माउसचे कार्ड झाले, घुशीचे झाले, ई-१०० चे गेल्या आठवड्यात पूर्ण झाले. थोरल्याने मजकूर सांगितला, तिने लिहिला:

"ई-१००. वजन १४० टन ठरले होते. आडलर कंपनी, फ्रँकफुर्ट. एकच सांगाडा झाला, तोही अर्धा. त्याच कंपनीच्या इमारतीत १,६०० कैदी राबत होते. ही इमारत आमच्या घराजवळ आहे. दादाजान, तुम्ही आलात की आपण बघायला जाऊ."